तीन दिवसांचं जपान आणि निळ्या फुलांचे दोन कप

ज्या माणसाला धड मांडी घालून बसता येत नाही, त्याने लोकांना जपान शिकवू नये, असं माझं सरळ मत आहे. पण आमच्या त्या तीन दिवसांच्या जपानचा मालक नेमका तसाच होता. सहा फूट उंच, सोनेरी दाढी, टाळूवर केसांचा बुचडा, अंगात काळा झगा. आम्ही व्हॅनमधून उतरलो तर हा दारात कमरेत वाकून उभा. आमचे हे पटकन उलट वाकले. मग तो आणखी वाकला, मग हे आणखी. मी म्हटलं, एवढ्या वेळात सामान आत गेलं असतं.

ओंटारियोच्या उत्तरेला तळ्याकाठी त्याच्या वडिलांचं जुनं कॉटेज होतं. आत कागदाची सरकती दारं बसवली, बाहेर गार्डन सेंटरमधले बांबू लावले, एक दगडी दिवा ठेवला, झालं जपान! तरुणपणी दोन वर्षं तो तिकडे इंग्रजी शिकवायला होता म्हणे. तेवढ्यावर हा 'सेन्सेई'. म्हणजे गुरुजी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. वेबसाइटवर ज्याला गरम झऱ्यातलं स्नान म्हटलं होतं तो मागच्या डेकवरचा हॉट टब निघाला. तसा टब कॅल्गरीला माझ्या मुलीच्या कॉन्डोतही आहे, आणि तिथे कुणी वाकत नाही.

पहिल्या दिवशी 'वनस्नान' होतं. म्हणजे झाडांमधून हळूहळू चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. जून महिना, मच्छरांचा हंगाम. सहा म्हातारी माणसं अर्धा तास एक शब्द न बोलता स्वतःच्याच थोबाडीत मारत चालली होती. शेवटी गुरुजींनी डोळे मिटून विचारलं, "आज तुम्ही जंगलाला काय दिलंत?"

"रक्त," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. आमच्या ह्यांनी मला कोपराने ढोसलं. त्यांना हे सगळं मनापासून आवडत होतं, तीच तर माझी पंचाईत होती.

हे खूळ मुळात डॉक्टरीणबाईंचं. ओंटारियोतल्याच केंब्रिजमध्ये आमच्या घरापासून चार रस्ते सोडून डॉक्टरांचं घर आहे. डॉक्टर आता रिटायर झालेत, बाईंना मात्र रिटायरमेंट माहीत नाही. कधी योगा, कधी मातीची भांडी, कधी कीटो. त्यांना खऱ्या जपानलाच जायचं होतं, देवळात मुक्काम, पहाटेची घंटा, वगैरे वगैरे. पण डॉक्टरांना दोन स्टेंट बसले आणि एवढा लांबचा विमानप्रवास नको असं ठरलं. मग बाईंनी हे गाडीने जाण्याजोगं जपान शोधून काढलं. ब्रॅम्पटनची त्यांची एक मैत्रीण आणि तिचा नवरा तयार झाले. आणि आम्ही दोघं. आम्हाला कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, व्हॅन कोण चालवणार?

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, दॅट इज सो क्रिंज." म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या बाबांना सांग. तिने नाही सांगितलं. त्यांचा उत्साह कुणालाच मोडवत नाही.

ह्यांची वीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात गेली, क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये. सुरुवातीला तिथे जपानी इंजिनिअर शिकवायला यायचे. त्यांची एक शिकवण ह्यांनी आयुष्यभर गळ्यात बांधून घेतली: कागदावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, जिथे काम होतं त्या जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घरात नळ गळला तरी हे आधी सिंकखाली आडवे होऊन दहा मिनिटं नुसते बघत राहतात. त्यातला एक वयस्कर इंजिनिअर कॅन्टीनमध्ये ह्यांच्या टेबलावर बसायचा आणि स्वतःच्या डब्यातलं काढून ह्यांच्या ताटात वाढायचा. न विचारता. हे त्याचं अजून नाव काढतात. त्यामुळे जपान म्हटलं की आमचे हे अर्धे वाकलेलेच असतात.

आता कपांचं सांगते, कारण तेच खरं सांगायचं आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही केंब्रिजला आलो, तेव्हा गावात मराठी घर एकच, डॉक्टरांचं. पहिल्याच रविवारी त्यांनी चहाला बोलावलं. बाईंनी दारातच आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "नाही म्हणजे, मूळचे कुठले?" असं विचारलं. ज्यांना हे प्रश्न जन्मभर विचारले गेलेत त्यांना ते कशासाठी विचारतात हे सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." बाई "अय्या, छान!" म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा आला. डॉक्टर आणि बाईंना सोनेरी काठाचे पांढरे कप, आम्हाला निळ्या फुलांचे दोन. पुढल्या खेपेला तेच. दिवाळीला तेच. डॉक्टरांच्या साठीला घरात चाळीस माणसं, सगळ्यांच्या हातात कागदी कप, आणि आमच्या हातात? तेच दोन, निळ्या फुलांचे.

"बघ, आपल्यासाठी खास कप ठेवलेत वहिनींनी," हे घरी येताना म्हणायचे. दर वेळी म्हणायचे. खूश असायचे.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या आजीला गावात पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. त्या घरची नात मी, मला कपाची भाषा कळणार नाही? पण मी ह्यांना बोलले नाही. ह्यांना डॉक्टर म्हणजे मित्र. क्रिकेट, राजकारण, जुनी नाटकं, दर रविवारी दोन तास. डॉक्टरांच्या बायपासच्या वेळी, मग स्टेंटच्या वेळी, असे तीन हिवाळे ह्यांनी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, आपला करायच्या आधी. माणूस एवढा आनंदात असताना त्याच्या कपाकडे बोट कसं दाखवायचं? मी ठरवलं, हे ह्यांना कधी कळू द्यायचं नाही. पंचवीस वर्षं मी एवढंच एक काम केलं. बाई चहा देताना मी मध्येच काहीतरी बोलायचे, ह्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचे, ट्रे उचलून आत न्यायला हे उठले की मी आधी उठायचे. निष्ठा म्हणा, मूर्खपणा म्हणा.

आता कुणी म्हणेल, उष्टं-खरकटं पाळणाऱ्या बाई असतील, त्यात जातीचं काय. मीही स्वतःला अधूनमधून हेच समजावायचे. पण त्या जपानला जातानाच वाटेत आइस्क्रीमला थांबलो, आणि डॉक्टरीणबाई ब्रॅम्पटनवालीला म्हणाल्या, "कुठला फ्लेवर गं? एक चाटू दे." आणि चाटला की! मैत्रिणीच्या हातातला, मैत्रिणीने अर्धा खाल्लेला कोन, चांगला जीभ लांब काढून. मी माझा कोन घेऊन शेजारीच उभी होते. माझा फ्लेवर त्यांनी विचारला नाही.

तर असे आम्ही जपानला पोचलो.

रात्रीच्या जेवणाला बुटक्या टेबलाभोवती सगळ्यांना बसवलं. भाड्याचे झगे घातलेले, पाय कुठे ठेवायचे कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात बौद्ध धर्मावर प्रवचन सुरू केलं. "झेन म्हणजे शेवटी आपलंच हं सगळं. इथून तिथे गेलेलं. आपल्या बुद्धाचं." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही ध्यान करता की नाही? करून बघा हो, फार छान वाटतं."

मी एक वर्षाची असताना माझ्या आईने मला कडेवर घेऊन नागपूरला दीक्षा घेतली. तिच्या पायात चप्पल नव्हती. आणि ही बाई भाड्याच्या झग्यात बसून मला बुद्धाची ओळख करून देत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा! मी भाताची वाटी तोंडाला लावली आणि म्हटलं, "करून बघते हं वहिनी."

हे मान हलवत होते. "खरंय, खरंय," म्हणत होते. मला त्या क्षणी बाईंपेक्षा ह्यांचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी चहाचा समारंभ. त्या तीन दिवसांत खरं असं तेवढंच होतं, आणि तेही गुरुजींमुळे नव्हे. शेजारच्या गावातून एक आजी स्वतः गाडी चालवत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, जेमतेम माझ्या खांद्याएवढ्या. आईवडील जपानी, जन्म ब्रिटिश कोलंबियातला, इंग्रजी इथल्या कुठल्याही आजीसारखं. आत आल्या, गुरुजींनी मांडलेली फुलदाणी पाहिली, उचलून कोपऱ्यात ठेवली. गुरुजी घोटाळत उभे होते. आजी म्हणाल्या, "तू बाहेर थांबलास तरी चालेल." बुचडा निमूट बाहेर गेला. मला आजी तिथेच आवडल्या.

त्या खोलीचं दार मुद्दाम बुटकं केलेलं होतं, गुडघ्यावर रांगत आत जायचं. आजींनी समजावून सांगितलं की जुन्या काळी मोठमोठे सरदार तलवार बाहेर ठेवून असेच रांगत आत यायचे, कारण चहाच्या खोलीत कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच पाणी. "किती ब्यूटिफुल कन्सेप्ट आहे!" त्या म्हणाल्या.

मग आजींनी सांगितलं की आज त्या दाट चहा करणार आहेत. तो एकाच वाडग्यात करतात आणि सगळे पाहुणे त्याच वाडग्यातून पितात. तीन घोट घ्यायचे, ओल्या कापडाने कड पुसायची, वाडगा फिरवून पुढच्याला द्यायचा. "कोविडनंतर मी वेगळे वाडगेही जवळ ठेवते," आजी म्हणाल्या. "कुणाला वेगळा हवा असेल तर संकोच करू नका, मला अजिबात वाईट वाटणार नाही."

"नो, नो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वी वॉन्ट द रिअल थिंग. एकदम ऑथेंटिक!"

"छान," आजी म्हणाल्या. "मग वयाप्रमाणे बसा. सगळ्यांत मोठे पहिले."

इथे बाईंचं गणित चुकलं. त्यांनी मैत्रिणीशेजारी आपली जागा धरून ठेवली होती. पण वय म्हणजे वय. पहिले डॉक्टर. मग आमचे हे. मग मी, सत्तर. मग डॉक्टरीणबाई, एकोणसत्तर. त्यांच्यानंतर ब्रॅम्पटनचे दोघं. बाई उठून माझ्या डावीकडे येऊन बसल्या, आणि बसता बसता त्यांच्या लक्षात आलं. मी बघत होते. आधी त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं ते ब्यूटिफुल पार उतरलं.

मी धास्तावले. बाईंची फजिती होणार म्हणून नाही, त्या खुशाल जाऊ देत खड्ड्यात. हे माझ्या उजवीकडे अगदी ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळ्यांत शाळेतल्या मुलाचा भाव. पंचवीस वर्षं जे मी ह्यांच्यापासून झाकलं ते इथे, ह्यांच्या लाडक्या जपानमध्ये, ह्यांच्या डोळ्यांसमोर उघडं पडणार होतं. ते टाळणं माझ्या हातात होतं. "मला जरा सर्दी आहे, मला वेगळा वाडगा द्या," एवढं म्हटलं असतं की संपलं. असंच तर मी आजवर करत आले होते. मी तोंड उघडलंही. पण ते 'ऑथेंटिक' कानात वाजत होतं. आणि आदल्या रात्रीचं ते 'करून बघा हो'. मी तोंड मिटलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. त्याची लाज मला अजून वाटते, आणि वाटतही नाही.

आजींनी चहा केला. घाई नाही, दिखावा नाही. एकेक वस्तू पुसायची, ठेवायची, थांबायची. तीन दिवसांत पहिल्यांदा मी मनातल्या मनात कुणाची टिंगल केली नाही. चहा कसला, हिरवं पातळ पिठलं म्हणा. वाडग्याला चिकटून हळूहळू सरकणारं.

डॉक्टरांनी तीन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, कड पुसली, वाडगा ह्यांना दिला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाशी नेला आणि डॉक्टर जिथून प्याले तिथूनच हेही प्याले. मग मी. कडू, दाट, पण वास ओल्या गवताचा. कड पुसली, दोनदा पुसली, आणि वाडगा डावीकडे धरला.

डॉक्टरीणबाईंनी तो घेतला. सगळे बघत होते, आजी बघत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती, ऑथेंटिक स्वतःच मागितलं होतं. मग त्यांनी काय करावं? डोकं मागे टाकलं, तोंड आ केलं, वाडगा चांगला वीतभर वर धरला आणि तांब्यातलं पाणी पितात तसा वरून ओतायला लागल्या.

पिठलं वरून ओतता येतं का कधी? चहा येईना. त्यांनी वाडगा आणखी तिरका केला. तरी येईना. आणखी. मग आला तो सगळा गोळाच एकदम आला. नाकावर, हनुवटीवर, गळ्यात, भाड्याच्या फिक्या गुलाबी झग्यावर.

ब्रॅम्पटनच्या नवऱ्याला फिस्सकन हसू आलं. बाईंच्या नाकपुडीवरून हिरवा ओघळ उतरत होता. "अगंबाई!" त्या हसत म्हणाल्या, "सवय हो, लहानपणापासूनची. आमच्याकडे वरूनच प्यायची पद्धत." आणि माझ्याकडे बघून, "तुम्हाला माहितीच आहे ना वहिनी."

"हो," मी म्हटलं. "मला माहिती आहे."

आजी हसल्या नाहीत. त्यांनी कापड पुढे केलं आणि हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "या खोलीत ओठ लावून पितात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. त्यांना आमच्यातलं काय कळलं असणार, काहीच नाही. किंवा सगळं.

चहा सांडून गेला होता, म्हणून उरलेल्या तिघांसाठी आजींनी दुसरा वाडगा केला. तो पहिला डॉक्टरीणबाईंना दिला. आणि बाई ओठ लावून प्याल्या. व्यवस्थित, तीन घोट, जपानी पद्धतीने. मग कड पुसून मैत्रिणीच्या नवऱ्याला दिला, त्याने बायकोला दिला, आणि तिघांनी मिळून तो संपवला. लहानपणापासूनची सवय पाच मिनिटांत सुटली! काय चमत्कार म्हणावा.

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. हे बाईंकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. पहिला वाडगा आजींनी बाजूला ठेवला होता, त्याकडे बघत होते. सिंकखाली आडवे होऊन गळणाऱ्या नळाकडे बघतात ना, अगदी तसे.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी ब्रशने अक्षरं काढायला शिकवली. मला 'शांती' काढायला सांगितलं, माझं झुरळासारखं आलं. दुपारी आम्ही निघालो. गुरुजी पुन्हा वाकले. ह्यांनी नुसती मान हलवली आणि गाडी सुरू केली.

वाटेत डॉक्टर झोपले. बाई मागच्या सीटवरून बोलत होत्या, किती पीसफुल वाटलं, कसं सगळं आतून क्लीन झाल्यासारखं वाटतंय. नाकातलं हिरवं अजून पुरतं गेलं नव्हतं, क्लीन कसलं डोंबलाचं! हे नुसती गाडी चालवत होते. एरवी गाडीत बडबडून डोकं खाणारा माणूस. ब्रॅम्पटनला त्या दोघांना सोडलं, मग केंब्रिज. डॉक्टरांच्या दारात बॅगा उतरवल्या. आणि बाई म्हणाल्या, अगदी नेहमीसारख्या, "भाऊजी, एवढं ड्राइव्ह केलंत, चहा घेऊन जा ना."

मी ह्यांची बाही ओढली. "नको हो, उशीर होतोय."

"घेतो ना," हे म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही दमलात. तुम्ही बसा. आज चहा मी करतो."

"अय्या, तुम्ही कशाला..." म्हणेपर्यंत हे किचनमध्ये पोचलेही. बाई उठायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "करू दे गं त्याला, हौस आहे." मी सोफ्याच्या काठावर बसले होते. आतून पाण्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आवाज आला. मग खालच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, सिंकच्या शेजारचं, जिथे डिशवॉशरची पावडर आणि कचऱ्याच्या पिशव्या असतात. बाईंचे हात मांडीवर घट्ट झाले. माझेही.

हे ट्रे घेऊन आले. सोनेरी काठाचे दोन पांढरे कप माझ्यासमोर आणि स्वतःसमोर ठेवले. निळ्या फुलांचे दोन डॉक्टर आणि बाईंसमोर ठेवले.

डॉक्टरांनी न बघताच उचलला, घोट घेतला. "वा! आलं झक्कास पडलंय." त्यांना खरंच काही माहीत नव्हतं की पंचवीस वर्षं माहीत नसल्याचं सोंग होतं, ते मी आजही सांगू शकत नाही.

बाई कपाकडे बघत होत्या. "भाऊजी, कप बदलले वाटतं तुम्ही."

"हो वहिनी," हे म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आज तुमच्यासाठी खास कप काढले."

बाईंनी कपाच्या कानाला नुसता हात लावला, पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा केला. "गरम आहे हो, घेते मी जरा वेळाने."

"सावकाश घ्या," हे म्हणाले, आणि बसून राहिले. स्वतःचा चहा एकेक घोट घेत संपवला. मीही संपवला. डॉक्टर सामन्याचं काहीतरी विचारत होते, हे हो-नाही करत होते. बाईंच्या चहावर साय आली, ती सुरकुतली, मग कपाच्या कडेला चिकटली. तेव्हा हे उठले. आमचे दोन कप आत नेऊन धुतले, पुसले आणि वरच्या कपाटात बाकीच्या पांढऱ्या कपांच्या रांगेत ठेवले. बाहेर येऊन म्हणाले, "येतो वहिनी."

गाडीत बसलो. चार रस्ते तर जायचं, पण ह्यांनी चावी फिरवली नाही.

"तुम्हाला त्या वाडग्यावरून कळलं ना?" मी विचारलं. "चुकलं माझं. मी वेगळा मागायला हवा होता."

"कप? कप मला पहिल्याच दिवशी कळले होते," हे म्हणाले. "तू बाहेर बोलत होतीस, मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनींनी माझ्यासमोरच वेगळे धुतले आणि खाली ठेवले. मी जागेवरच होतो की."

मी सीटवर वळले. "आणि मग 'खास कप, खास कप' करून माझ्या कानाशी पंचवीस वर्षं..."

"तुला कळू नये म्हणून. तुला वाईट वाटलं असतं."

माझं डोकंच सणकलं. काय हा खुळेपणा! एका छपराखाली दोन माणसं, तेच दोन कप एकमेकांपासून लपवत म्हातारी झाली. मी ट्रे उचलायला धावायची, आणि हे कौतुक करत सुटायचे. बाईंना तर बसल्या जागी दोन बिनपगारी नोकर मिळाले होते, त्यांचं पाप झाकायला.

"आणि तो बर्फ?" मी ओरडले. "कळलं होतं तर तीन हिवाळे तो बर्फ कशाला उपसलात? कंबर मोडून?"

हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. "गावात मराठी बोलायला तेवढंच घर होतं गं," ते म्हणाले. "कारखान्यात दिवसभर इंग्रजी. पोरगी इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि तू हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून यायचीस, तुला बोलायचं त्राण नसायचं. मला रविवारचे दोन तास हवे होते. त्याला एक कप म्हणजे काय मोठं."

तीन दिवस माझ्याजवळ प्रत्येकासाठी शब्द होता. गुरुजींसाठी, हॉट टबसाठी, बाईंच्या ओल्या डोळ्यांसाठी. ह्यांना मात्र मी म्हटलं, "चला घरी."

त्याला आता वर्ष होत आलं. बाईंचा फोन नाही. यंदा त्यांचा ड्राइव्हवे कंत्राटदाराचा ट्रक येऊन साफ करून जायचा, ते हे खिडकीतून बघायचे. डॉक्टर एकदा ग्रोसरीत भेटले, "ये ना रे रविवारी," म्हणाले. हे "बघू" म्हणाले आणि गेले नाहीत.

आता दर रविवारी हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि दोन तास क्रिकेट सांगतात. कोण कसा आऊट झाला, कुणाला घ्यायला नको होतं, पूर्वी कसं होतं. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मी ऐकते.